संज्ञा आणि सत्त्व : वाळविलेल्या शिकारीच्या मांसाविषयीच्या लेखनाचे परीक्षण

१

एखाद्या खाद्यपदार्थाविषयी भाषेत जे लिहिले गेले असते, ते त्या पदार्थाच्या गुणांविषयी असते की त्याच्या नावाविषयी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वाळवून किंवा मीठ लावून टिकविलेल्या शिकारीच्या मांसाच्या बाबतीत मात्र तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही. या पदार्थाला संस्कृत कोशांत स्वतंत्र संज्ञा आहे. वैद्यकाने त्याचे गुणदोष नोंदविले आहेत. राजांच्या पाकशाळेत शिकारीचे मांस कसे सिद्ध होत असे याचीही वर्णने उपलब्ध आहेत. असे असता प्रमाण मराठीत त्यास एकपदी नाव नाही. मासळी वाळली की तिला सुकट, सोडे, खारा बांगडा अशी बाजारात उजळ माथ्याने वावरणारी नावे मिळतात. मांस वाळले की 'वाळविलेले मांस' असे वर्णन करूनच भागवावे लागते. बोलींत नाव आहे; पण ज्या घरांत ते आहे त्या घरांबाहेर ते उच्चारताना बोलणारा अडखळतो. ही उणीव केवळ शब्दसंपत्तीची आहे, की तिच्यामागे मूल्यनिर्णय दडलेला आहे, याचा शोध घेणे हा येथील विवेचनाचा हेतू होय.

या शोधासाठी वाशीम जिल्हा हे क्षेत्र सोयीचे आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने नवा असला तरी वाङ्मयाच्या दृष्टीने फार जुना आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. सारस्वतेय काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने 'काव्यमीमांसे'त याच नगरात लावून दिला आहे. याच जिल्ह्यातील कारंजा हे जैन ग्रंथभांडारांचे गाव असून अपभ्रंश वाङ्मयाच्या आधुनिक प्रकाशनाचा एक महत्त्वाचा आरंभ तेथून झाला. आणि कारंजा-सोहोळ परिसरातील गवताळ रानांत आजही काळवीट आहे, तेथे काळविटांचे अभयारण्य आहे, व पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून उपजीविका करणाऱ्या फासेपारध्यांची वस्तीही याच प्रदेशात आहे. काव्य, धर्म आणि शिकार या तिन्ही परंपरा इतक्या जवळ नांदत असताना त्यांनी एकाच पदार्थाकडे कोणत्या तीन नजरांनी पाहिले, हे येथे पडताळून पाहता येते.

२

प्रथम शिकारीच्या शब्दांचा विचार करू. वैदिक भाषेत 'मृग' म्हणजे कोणताही रानटी पशू. हत्तीलाही तेथे मृगच म्हटले आहे. 'मृगेंद्र' या समासात हा व्यापक अर्थ अद्याप टिकून आहे, कारण सिंह हा केवळ हरणांचा राजा नव्हे. पुढे अर्थसंकोच होऊन मृग म्हणजे हरीण असे ठरले. जर्मन भाषेत 'टीअर' म्हणजे पशू आणि त्याचाच इंग्रजी भाऊ 'डीअर' म्हणजे हरीण. तेथेही हीच वाट दिसते. ज्या पशूची शिकार सर्वांत अधिक होते, त्याने सामान्यनाम बळकवावे, हा अर्थपरिवर्तनाचा स्वाभाविक क्रम आहे.

'पारध' या शब्दाची हकीकत याहून बोधप्रद आहे. प्राकृतात 'पारद्धि' म्हणजे शिकार. हेमचंद्राने आपल्या 'अभिधानचिंतामणी'त मृगयेच्या पर्यायांत 'पापर्द्धि' असे रूप दिले आहे. पाप आणि ऋद्धि असा त्याचा विग्रह होतो. म्हणजे जिच्यामुळे पाप वाढते ती. हेमचंद्र बाराव्या शतकातील जैन आचार्य होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विग्रहाचे मर्म कळते. देशी व्यवहारातील एक शब्द संस्कृताच्या साच्यात बसविताना त्याच्या पोटातच निर्णय घातला गेला. मराठीत 'पारध' व 'पारधी' राहिले, पापाचा अवयव झिजून गेला. परंतु निर्णय झिजला नाही, तो समाजाच्या वागणुकीत उरला.

'वागुरा' म्हणजे पशू धरण्याचे जाळे. त्यावरून मराठीत 'वाघूर' आला. याच कुळातील 'वागुरिक' या शब्दावरून गुजरातीत 'वाघरी' हे जातिनाम झाले, आणि फासेपारध्यांच्या बोलीलाही वाघरी म्हणतात. तिचा 'वाघ' या शब्दाशी लोक जो संबंध जोडतात तो लोकव्युत्पत्तीचा होय. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात पारधी बोलीची गणना भिल्ली भाषांच्या गटात केली, व ती योग्य आहे. मराठी मुलखात शतकानुशतके राहूनही या बोलीचे नाते गुजरातीशी अधिक जवळचे आहे.

शेवटी 'आमिष'. संस्कृतात याचा अर्थ मांस. मराठीत 'सामिष' व 'निरामिष' या पंडिती शब्दांपुरता तो अर्थ उरला. एरवी आमिष म्हणजे प्रलोभन. फाशात ठेवलेल्या खाद्यावरून हा अर्थ फुटला हे उघड आहे. म्हणजे मराठीने मांसाचा एक जुना शब्द पाकगृहातून काढून सापळ्यात ठेवला. या चार शब्दांवरून इतके म्हणता येते, की शिकारीच्या क्रियेसाठी व साधनांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही; तुटवडा पडतो तो शिकार घरी आल्यानंतर.

३

वाळविलेल्या मांसाची संस्कृत संज्ञा 'वल्लूर'. अमरकोशात शुष्क मांसाच्या पर्यायांत ती येते. तमिळमध्ये 'वळ्ळुरम्' हा मांसवाचक शब्द आहे. त्यामुळे संस्कृतातील शब्द द्राविडी भाषांकडून आला असावा असे मानण्यास जागा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, जे पदार्थ जड असल्यामुळे नित्य सेवन करू नयेत त्यांच्या यादीत वल्लूर अग्रभागी आहे. त्याच्याच पंक्तीला वाळलेल्या भाज्या व कमळाचे कंद बसविले आहेत. रोडावलेल्या पशूचे मांस वापरूच नये, असेही तेथे बजावले आहे. याउलट शरीर पुष्ट करण्याच्या कामी मांसाहून श्रेष्ठ खाद्य नाही, असे हीच संहिता अन्नपानविधीत म्हणते, आणि कोरड्या प्रदेशातील हरणांचे, तित्तिराचे व लाव्याचे मांस पचनास हलके ठरविते.

या विधानांत विरोध नाही. हरणाचे ताजे मांस हलके, तेच वाळले की जड. येथे 'जड' व 'हलके' हे शब्द पशूच्या प्रतिष्ठेविषयी नसून पचनाविषयी आहेत. आधुनिक आहारशास्त्राच्या आकड्यांशी हा भेद ताडून पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकन कोष्टकांप्रमाणे हरणाच्या कच्च्या मांसात दर १०० ग्रॅमला सुमारे ७४ ग्रॅम पाणी, २३ ग्रॅम प्रथिने व अवघी २ ते ३ ग्रॅम चरबी असते. लोह सुमारे ३.४ मिलिग्रॅम. असे एक किलो मांस चतुर्थांश पाणी शिल्लक राहीपर्यंत वाळविले तर त्याचे वजन साधारण ३५० ग्रॅम भरते, आणि दर १०० ग्रॅममधील प्रथिने ६५ ग्रॅमच्या आसपास जातात. लोहाचे प्रमाणही त्याच हिशेबाने जवळजवळ तिप्पट होते. सत्त्व नव्याने उत्पन्न होत नाही, ते एकवटते. काही जीवनसत्त्वे, विशेषतः थायमीन, अंशतः नष्ट होतात. खनिजे व बी-१२ बहुतांशी टिकतात. खारविलेल्या मांसात मिठाची भर पडते ती वेगळीच.

वाळविण्याची क्रिया तत्त्वतः साधी आहे. मांस स्नायूंच्या रेषेने लांब व पातळ कापावे, मीठ व हळद चोळावी, उन्हात टांगावे, माश्यांपासून बचावासाठी खाली धूर करावा. कुजविणाऱ्या जीवाणूंना पाणी लागते, व ते पाणी मीठ आणि ऊन मिळून त्यांच्यापासून हिरावून घेतात. मांसातील मुक्त पाण्याचे प्रमाण शुद्ध पाण्याच्या तुलनेत ०.८५ च्या खाली गेले म्हणजे विषबाधा करणारे बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत. पट्टी जाड राहिली तर वरची कड आवळते व आत ओल राहते. तेथून मांस नासते. म्हणूनच पातळ काप हा या कसबाचा प्राण होय. वऱ्हाडातील फाल्गुन ते वैशाखाचे कोरडे ऊन, ज्यात पापड, कुरडया व सांडगे वाळतात, तेच मांसालाही मानवते. पावसाळ्याच्या दमट हवेत हा उद्योग चालत नाही. रानडुकराच्या मांसाबाबत मात्र सावधगिरी अवश्य आहे, कारण त्यातील ट्रिकिनेला नावाचे जंत केवळ मिठाने वा उन्हाने खात्रीने मरत नाहीत. मांस पूर्ण शिजवावेच लागते.

पाकक्रियेचे तर्कशास्त्रही या गुणांतूनच निघते. शिकारीच्या मांसात चरबी अत्यल्प. केवळ असे मांस खाऊन माणूस तगत नाही. उत्तर अमेरिकेच्या रानांत याला सशाच्या मांसाची उपासमार म्हणत, आणि १९२८ मध्ये न्यू यॉर्क येथे स्टेफान्सन या प्रवाशावर झालेल्या प्रयोगात, चरबी वगळून नुसते मांस दिले असता तो थोड्याच दिवसांत आजारी पडला. म्हणून तेथील मूळ रहिवाशांनी वाळलेले मांस कुटून त्यात चरबी कालविली व त्याचे पेमिकन केले. दक्षिण आफ्रिकेचे बिल्टाँग व्हिनेगर आणि धन्यावर उभे आहे. दक्षिण अमेरिकेच्या क्वेचुआ भाषेतील 'चार्की' या शब्दावरून इंग्रजीत 'जर्की' झाले. आपल्याकडे हे काम ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि थोडे तेल करते. वाळलेली पट्टी निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खाणे, कोमट पाण्यात भिजवून डाळीत शिजविणे, किंवा भाजल्या धान्यांचा व मसाल्यांचा येसूर लावून रस्सा दाट करणे, या सर्व रीतींत थोड्या मांसावर पुष्कळ धान्य निभावते. त्यात आणखी एक लाभ आहे: ज्वारीतील लोह शरीरास सहज मिळत नाही, पण सोबत मांस असले तर त्याचे शोषण वाढते. अर्थात थोडे मांस व पुष्कळ भाकरी ही गरिबीची योजना आहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाची ठरते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. खारवून, धुरावून वा मुरवून टिकविलेले मांस माणसात कर्करोग उत्पन्न करते असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केला. असे ५० ग्रॅम मांस रोज खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिचे अनुमान आहे. येथे 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. चरकाचा निषेधही नित्य सेवनाचाच आहे. एवढ्यावरून प्राचीनांना कर्करोगाचे कारण ठाऊक होते असे म्हणणे हा उतावीळपणा ठरेल. मात्र पदार्थ त्याज्य नाही, त्याची सवय त्याज्य आहे, हा विवेक दोन्हीकडे समान आहे.

४

वैद्यकाने गुण पाहिले. काव्याने काय पाहिले? 'अभिज्ञानशाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात विदूषक कुरकुरतो, की राजाच्या शिकारीच्या नादाने आपल्याला अवेळी जेवावे लागते आणि तेही बहुतांशी शूळावर भाजलेले मांस. त्याच अंकात सेनापती मृगयेची स्तुती करतो: तिने शरीर हलके होते, भेदरलेल्या व चवताळलेल्या प्राण्यांचे मन कळते. मृगयेचे गुणगान सेनापतीच्या तोंडी आणि मृगयेच्या जेवणाची तक्रार विदूषकाच्या तोंडी, ही वाटणी सहेतुक आहे. शिकार उदात्त, तिचे पाकगृह हास्यास्पद.

गाथासप्तशतीतील व्याध व व्याधवधू यांच्या गाथा प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एका गाथेत हस्तिदंत व व्याघ्रचर्म विकत घ्यावयास आलेल्या व्यापाऱ्याला म्हातारा व्याध सांगतो, की घरात नवी सून आली आहे तोवर हा माल मिळावयाचा नाही. ध्वनी शृंगाराचा आहे. परंतु त्या घरातून बाहेर जाणारा माल कोणता, तर दंत व चर्म. वाकाटकांच्या ताम्रपटांतही दान दिलेल्या गावाला ज्या उपद्रवांतून सूट मिळे, त्यांत फिरतीवरील अधिकाऱ्यांना चामडी व कोळसा पुरविण्याचा उल्लेख येतो. १९३९ मध्ये वाशीम येथेच सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट संस्कृत-प्राकृत मिश्र आहे. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात. राज्यकर्त्यांच्या नोंदींत आणि नागर काव्यात चामडे येते, कारण ते घराबाहेर जाते. मांस येत नाही, कारण ते घरात संपते. जे विकले जात नाही व ज्यावर कर बसत नाही त्याला लेखनात सहसा स्थान मिळत नाही, हे या मौनाचे पहिले कारण होय.

'मानसोल्लास' हा या मौनाला अपवाद. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या ग्रंथात मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे आणि अन्नभोगात मांसाच्या अनेक कृतीही आहेत. रानडुकराचे केस कसे काढावे, तुकडे कसे पाडावे, शूळावर कसे भाजावे, याचे तेथील वर्णन डोळ्यांनी पाहून केलेले आहे. शेतातील उंदीरही तेथे वर्ज्य नाही. मराठीचे अत्यंत जुने पद्यनमुने ज्या ग्रंथात सापडतात, त्याच ग्रंथात हे सर्व असावे, हा योगायोग मराठीच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. पण सोमेश्वराने जे लिहिले ते राजाच्या ताटाविषयी. त्या ताटातील उंदीर हा भोग ठरतो. तोच उंदीर दरिद्री माणसाच्या चुलीवर भाजला गेला म्हणजे तो दैन्याचा पुरावा होतो. प्राणी एक, क्रिया एक, सत्त्व एक. भेद केवळ ताटाचा.

५

नावाने पदार्थ पालटतो, याची दोन विलक्षण उदाहरणे जुन्या वाङ्मयात आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवून वाचावयास हवीत.

पहिले चरकाच्या राजयक्ष्मचिकित्सेतील. क्षयाने खंगलेल्या रोग्याला मांसभक्षक प्राण्यांचे मांस द्यावे, असे तेथे सांगितले आहे. पण रोग्याला खरे कळले तर तो किळसेने खाणार नाही, वा खाल्लेले ओकून टाकील. म्हणून वैद्याने कावळ्याचे मांस तित्तिर म्हणून, सापाचे मांस मासा म्हणून, कोल्हा, मुंगूस, मांजर यांचे मांस ससा म्हणून द्यावे. येथे वैद्याने जिभेपेक्षा कानाचे सामर्थ्य अधिक मानले आहे. किळस मांसात नसून त्याच्या नावात आहे, हे जाणूनच ही युक्ती योजिली आहे.

दुसरे उदाहरण कारंज्याशी संबंधित आहे. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य प. ल. वैद्य यांनी संपादिले व ते १९३१ मध्ये कारंजा येथील जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यातील यशोधर राजा खऱ्या प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीला बळी देतो. पीठच ते, पण त्याला कोंबडा म्हणून मारले, म्हणून हिंसेचे फळ चुकले नाही. राजा व त्याची आई यांना पुढे अनेक पशुयोनींत जन्म घ्यावे लागतात, आणि त्यांतील काही जन्मांत त्यांचेच मांस राजाच्या पुत्राच्या पाकगृहात शिजते.

चरकाच्या रुग्णाला मांसाचे नाव बदलल्याने मांस खाता येते. पुष्पदंताच्या राजाला पिठास नाव दिल्याने पिठाचे मांस होते. एकाचे प्रयोजन शरीराचे, दुसऱ्याचे आत्म्याचे. परंतु संज्ञा ही वस्तूला चिकटविलेली निरुपद्रवी चिठ्ठी नव्हे, ती वस्तूचे कार्यच पालटते, या सिद्धांतावर वैद्य आणि कवी एकमत आहेत. लीळाचरित्रातील शिकारीच्या सशाची कथाही या संदर्भात आठवते. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो, पारधी त्याची मागणी करतात, आणि स्वामी त्याला अभय देतात. मराठी गद्याच्या आरंभकाळी शिकारीचा प्राणी येतो तो शरणागत म्हणून. त्या वाचकापुढे पुढील काळात सशाचे मांस अन्न म्हणून मांडणे कोणत्याही लेखकाला सोपे नव्हते. हे मौनाचे दुसरे कारण. आणि ते क्षुद्र नाही. अहिंसेच्या विचाराने मराठी मनाला जे दिले त्याची किंमत म्हणून काही शब्द गेले, असे त्याचे योग्य मूल्यमापन होईल.

६

तिसरे कारण मात्र क्षुद्र आहे, आणि त्याचा उच्चार करण्यास मराठी गद्याला फार उशीर लागला. वाशीमच्या दक्षिणेस हिंगोलीपासून मराठवाडा सुरू होतो. तेथे दलित वस्त्यांत वाळविलेल्या मांसाच्या पट्ट्यांना 'चान्या' म्हणतात. प्रमाण मराठीत ज्याची उणीव भासते तो शब्द हाच. परंतु त्याचा इतिहास मृगयेचा नाही. गावातील मेलेले जनावर ओढून नेण्याची सक्ती, त्याच्या मांसाची वाटणी, आणि एका दिवसात न संपणारे मांस पुढील उपाशी दिवसांसाठी वाळवून ठेवण्याची गरज, यांतून हा शब्द वापरात राहिला. दया पवार यांच्या 'बलुतं'पासून (१९७८) हे जीवन मराठी गद्यात आले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने ते स्वतंत्र विषय म्हणून मांडले. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला.

पाटोळे यांच्या पुस्तकाचे मोठेपण त्याच्या शीर्षकातच दिसते. 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्या परंपरेने कोणते अन्न हिशेबात धरले नाही, हे एका उपसर्गाने सांगून टाकले आहे. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या पाकक्रिया त्यांच्याच शब्दांत नोंदविल्यामुळे भाषाभ्यासकाला ते पुस्तक कोशासारखे वापरता येते. त्यातील पाककृतींत तूप, दूध व सुका मेवा यांची वाण असणे हा दोष नसून तोच त्यांचा आशय आहे. तथापि या पुस्तकाचा भर गावकीतील व पाळीव जनावरांच्या मांसावर आहे. रानातील शिकारीच्या मांसाचा प्रश्न त्यातून अंशतःच उलगडतो. 'वल्लूर' आणि 'चान्या' यांमधील अंतर भरून काढण्याचे काम त्यानंतरही शिल्लक राहते.

येथे घाईने एक चूक होण्याचा संभव आहे. चान्यांत प्रथिने भरपूर, लोह भरपूर. तेव्हा त्या उत्तम अन्न होत, असे म्हणून त्यांना आहारशास्त्राचे प्रमाणपत्र देणे हा न्याय नव्हे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे जे आवाहन झाले, ते त्या मांसातील प्रथिनांच्या अज्ञानातून झाले नव्हते. ते मांस लादले गेले होते, आणि लादलेले अन्न कितीही पौष्टिक असले तरी ते सोडण्यात माणुसकीची प्रतिष्ठा होती. ज्या घरांनी तो शब्द सोडला, त्यांनी चवीबरोबर अपमानही सोडला. आज त्या शब्दाकडे परत जाणाऱ्या लेखकाने आणि तो शब्द ऐकताच मान फिरविणाऱ्या त्याच्याच भावाने, दोघांनीही एकाच इतिहासाला उत्तर दिले आहे. समीक्षेने त्यांपैकी एकालाच खरे ठरवू नये.

मात्र उलट दिशेची चूकही तेवढीच गंभीर. मृत जनावराचे मांस, मारून आणलेल्या सशाचे मांस आणि राजाच्या रानडुकराचे मांस हे तीन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्यात रोगाचा धोका आहे, दुसऱ्यात व तिसऱ्यात तो कमी. असे असता प्रमाण भाषेने तिसऱ्याला मृगयेचे वैभव दिले व पहिल्या दोहोंना एकाच तिरस्कारात गुंडाळले. फासेपारध्याने धरलेला तित्तिर चरकाच्या मते रोग्यालाही हितकर. पण त्या तित्तिराला धरणाऱ्याच्या जातीमुळे तो अभक्ष्याच्या सावलीत गेला. येथे गुण नव्हे, तर संज्ञाच निर्णायक ठरली.

७

या सर्व विवेचनाला आज एक व्यावहारिक मर्यादा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार हा गंभीर अपराध ठरविला, आणि ते योग्यच झाले. गवताळ रान आक्रसत असताना काळवीट व तणमोर यांना दुसरा आधार नाही. १९७६ च्या राज्य कायद्याने गोवंशाच्या कत्तलीवर घातलेले निर्बंध २०१५ मध्ये बैल व वळू यांनाही लागू झाले. म्हणजे वल्लूर आणि चान्या या दोन्ही शब्दांमागील वस्तू बहुतांशी पाकगृहातून गेल्या आहेत. वस्तू गेल्यावर शब्द किती काळ टिकतो, हा भाषाशास्त्राचा जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा दोन पिढ्यांहून मोठे नसते.

म्हणून हे शब्द गोळा करण्याचे काम तातडीचे आहे. पण ते सरळ नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविण्याची रीत सुरू झाली, त्यांत पारधी सापडले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पोलिसांच्या व शेजाऱ्यांच्या मनातून तो गेला असे म्हणता येत नाही. अशा समाजातील वृद्धेला एखादा विद्यार्थी वही उघडून विचारू लागला, की तुम्ही हरणाचे मांस कसे वाळवता, तर वर्तमानकाळातील त्या एका क्रियापदाने तिच्या घरावर संशय ओढवू शकतो. प्रश्न भूतकाळी विचारला पाहिजे. उत्तर देणाराचे नाव, गाव, वस्ती यांची नोंद प्रसिद्ध होता कामा नये. आणि उत्तर न देण्याचा तिचा अधिकार हा संशोधनातील अडथळा न मानता संशोधनाचाच एक निष्कर्ष मानला पाहिजे. सामग्री गोळा करण्याच्या नादात सामग्री देणारा माणूस उघडा पडला, तर त्या शब्दसंग्रहाला शास्त्र म्हणता येणार नाही.

कोशकारापुढील कामही यावरून स्पष्ट होते. 'चान्या : वाळविलेले मांस' एवढी नोंद शब्दार्थाच्या दृष्टीने बरोबर असली तरी अपुरी आहे. क्रिया कोणती, मांस कोणाचे, ते कसे मिळाले, कोणी खाल्ले आणि कोणी सोडले, या पाच गोष्टी नोंदीत आल्या तरच तो शब्द पूर्णपणे नोंदला गेला असे होईल. 'वल्लूर' या शब्दाच्या नोंदीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्या शब्दामागे कोणाचे हात होते हे चरकाने सांगितले नाही, म्हणून ते नव्हते असे नाही. सत्त्वाचा हिशेब आहारशास्त्राने मांडावा आणि संज्ञेचा हिशेब भाषाशास्त्राने. पण एकाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यात जमा करू नये. मराठीत या पदार्थावर आजवर जे लिहिले गेले, त्यात बहुधा हेच घडत आले आहे. वत्सगुल्माच्या भूमीत साहित्यविद्येचा विवाह झाला असे राजशेखर म्हणतो. त्या विवाहाच्या पंक्तीला कोण बसले होते आणि कोणाच्या घरचे अन्न तेथे पोचले नाही, हे विचारणे आता त्याच विद्येचे काम आहे.